मदत हवी आहे: भाऊ कांद्याची गाडी घेऊन सीमेवर अडकलाय, थांबलेल्या दिवसांचे पैसे कोणी द्यायचे?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ बाराचाकी ट्रकवर ड्रायव्हर आहे. लासलगावहून कांदा भरून तो पश्चिम बंगालमधल्या घोजाडांग्याला गेला. तिथून सीमा ओलांडली की पलीकडे बांगलादेशात भोमऱ्याला गाडी खाली होते. पण पलीकडचा आयात परवाना अडकला आणि गाड्या रांगेतच उभ्या राहिल्या.

निघताना मालकाने ट्रिपचे पैसे ठरवले आणि वाटखर्चाला भत्ता दिला. तो जाण्यायेण्यापुरताच होता, कधीच संपला. पार्किंग, जेवण, अंघोळीचं पाणी, सगळं भाऊ स्वतःच्या खिशातून भागवतोय आणि मी इथून पैसे पाठवतेय. क्लीनर गावी परतला. भावाला मात्र गाडी सोडून हलता येत नाही, कारण मालाची आणि डिझेलची राखण त्याच्यावरच आहे. टाकीतलं डिझेल कोणी काढू नये म्हणून रात्री धड झोपतही नाही. हे काम नाही तर काय आहे?

मालक म्हणतो, "व्यापाऱ्याने हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) दिलं की तुझं बघू." व्यापारी ट्रान्सपोर्टकडे बोट दाखवतो. ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, सीमा आम्ही अडवली का? नाही अडवली, मान्य. पण मग या सगळ्यांत ज्याच्या हातात सगळ्यात कमी पैसे पडतात त्यानेच हा खर्च का सोसायचा?

त्यात आता कांद्याला पाणी सुटायला लागलंय. दिवसा तो ताडपत्री उघडून हवा देतो, आभाळ आलं की झाकतो. तरी मालकाने सांगून ठेवलंय की व्यापाऱ्याने भाडं कापलं तर ते तुझ्या ट्रिपमधून वळतं करणार. मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

आमच्या भागाला हे नवीन नाही. १४ सप्टेंबर २०२० ला अचानक निर्यातबंदी झाली तेव्हाही इथल्या गाड्या बंगालच्या सीमेवर अडकून कांदा सडला होता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हाही ट्रकच्या रांगा लागल्या होत्या. दर वेळी शेतकऱ्याचं आणि व्यापाऱ्याचं नुकसान बातमीत येतं, आणि यायलाच हवं. ड्रायव्हरने तेवढे दिवस काय खाल्लं, कोणाच्या पैशाने खाल्लं, हे कोणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

मालकाच्या तीनच गाड्या आहेत, लेखी करार काही नाही. थांबलेल्या दिवसांची मजुरी आणि भत्ता मागायचा हक्क आहे का? नासलेल्या मालाचे पैसे ड्रायव्हरकडून कापता येतात का? कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, हॉल्टिंग आणि भावाची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र होऊ देऊ नका. हॉल्टिंग हा व्यापारी, ट्रान्सपोर्ट आणि गाडीमालक यांच्यातला व्यवहार आहे. ते मालकाला मिळो वा न मिळो, भावाला कामावर ठेवलंय मालकाने, तेव्हा भावाने मागायचं मालकाकडेच.

कापण्याबद्दल १९३६ च्या वेतन कायद्यापासून नियम स्पष्ट आहे: ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळे थेट झालं असेल तरच पैसे कापता येतात, आणि तेही आधी त्याचं म्हणणं ऐकून. २०१९ च्या वेतन संहितेतही हीच तरतूद आहे. परवाना अडकला हा ड्रायव्हरचा हलगर्जीपणा होत नाही. ताडपत्री उघडल्याचे फोटो मात्र रोज काढायला सांगा.

प्रतिसाद २
मी ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या (ट्रकमध्ये भरलेल्या मालाच्या पावत्या) करतो. आधी बिल्टीची मागची बाजू वाचा, काही ठिकाणी हॉल्टिंगची अट तिथेच छापलेली असते. मालकाला ती दाखवा, म्हणजे त्यालाही वर भांडायला आधार मिळेल. पार्किंगची प्रत्येक पावती जपा. रोज मालकाला व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाका: गाडी अमुक ठिकाणी उभी, खाली झाली नाही, आजचा खर्च इतका. फोनवरचं बोलणं नंतर कोणी कबूल करत नाही. आणि कोऱ्या कागदावर सही अजिबात नको.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याचं नाव कोणी सुचवलं तर त्यावर भिस्त ठेवू नका. त्याला किमान पाच कामगारांची अट होती, आणि टर्मिनलवर नुसतं थांबून राहण्याचा पंधरा मिनिटांच्या आतला वेळच त्यात कामाचा धरलेला होता. वेतनाचा दावा जास्त पक्का आहे. नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात आधी चौकशी करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर मोफत मिळतो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. भावाशी आत्ताच बोलले. बिल्टीचे दोन्ही बाजूंचे फोटो तो पाठवतोय, आणि मालकाला आजपासून रोज मेसेज करणार आहे. मालकाशी संबंध तोडायचे नाहीत, गाडी अजून भावाच्याच हातात आहे आणि परतीचं भाडंही त्यालाच आणायचंय. त्यामुळे तक्रारीआधी एक साधं पत्र द्यावं म्हणते. असं पत्र कोणी लिहिलं असेल तर त्याचा नमुना इथे टाकाल का?