दोघंही नोकरी करता, मग घरकाम कसं वाटून घेता?

डोंबिवली_फास्ट: मी बँकेत, रोज डोंबिवली ते फोर्ट. नवरा आयटीत, बरेच दिवस वर्क फ्रॉम होम. काहीच करत नाही असं नाही हं, लाईट बिल, गॅसचा नंबर लावणं, गाडीचं सर्व्हिसिंग त्याच्याकडे, आणि म्हणतो बघ निम्मं निम्मं झालं. पण त्याची कामं महिन्यातून एकदा आणि माझी दिवसातून तीनदा, पोळ्या, डबे, ओटा, विरजण, बाईने दांडी मारली की भांडी पण. बोललं की म्हणतो यादी दे, करतो. अरे यादी करणं हे पण कामच ना? तुमच्याकडे कसं चालतं खरं खरं सांगा.

आकडेमोड: घरोघरी हेच. सरकारचं वेळ-वापर सर्वेक्षण बघा, २०२४ मध्ये घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं, पुरुषांचे ८८. आणि हे फक्त जे करतात त्यांचं, जे हातच लावत नाहीत ते यात धरलेले नाहीत! २०१९ ला २९९ आणि ९७ होते, म्हणजे पुरुषांनी पण कमीच केलंय 😄

कुकरची_शिट्टी: यादी देऊच नकोस, अख्खं खातं दे. आमच्याकडे सकाळचा डबा नवऱ्याचा, म्हणजे नुसती फोडणी नाही, भाजी काय आणायची, दळण कधी टाकायचं, मटकी कधी भिजवायची सगळं त्याने बघायचं. सुरुवातीला पोळ्या वातड व्हायच्या, गप्प खाल्ल्या, कारण एकदा ‘सरक, मी करते’ म्हटलं की खातं परत आपल्या गळ्यात.

मधली_सून: दोघंच राहत असाल तर जमेल. आमच्याकडे नवऱ्याने फडकं हातात घेतलं की सासूबाई लगेच, अरे राहू दे, ती करेल. तशा चांगल्या आहेत हो, स्वतः दिवसभर राबतात, पण मुलाला करू देत नाहीत. मग तो त्या झोपल्यावर चोरून भांडी घासतो 😂

डोंबिवली_फास्ट: शिट्टीताई, नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणतो डबा नको, कपड्यांचं खातं घेतो.

कुकरची_शिट्टी: घड्या आणि इस्त्रीवाला धरून का ते आधी विचार. आणि पावसाळ्यात पण, तेव्हा जीन्स वाळता वाळत नाही.