मदत हवी आहे: वादळ ओमानकडे निघालं, ऊनही पडलं, मग शापोऱ्याच्या तोंडावर लाटा का फुटताहेत?

मोरजीची_लेक

मंडळी, नमस्कार. माहेर मोरजीचं, सध्या फोंड्यात असते. थोरल्या दादाची छोटी फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड मशीन. शापोरा नदीत आतल्या अंगाला बांधलेली असते. वादळाची बातमी आल्यापासून ती बांधलेलीच आहे.

आता वादळ पश्चिम-वायव्येला, ओमानच्या बाजूला सरकलंय. कालपासून इथे कडक ऊन आहे, वारा पडलाय, संध्याकाळी तर माडाचं झावळंही हलत नव्हतं. मुरगाव बंदरावरचा तीन नंबरचा बावटा उतरवून दोन नंबरचा लावला, असं दादाला कोणीतरी सांगितलं. झालं! "वादळ गेलें मरे, आतां कित्याक भियेवप?" (आता कशाला घाबरायचं?) म्हणत उद्या पहाटे चारला निघायची तयारी सुरू. बाजारात मासळी नाही, भाव चढलेत, आणि वादळानंतर पहिल्यांदा जाळं टाकणाऱ्याला बांगडा भरपूर लागतो असं त्याच्या सोबतचे म्हणतात.

मला खटकतंय ते वेगळंच. वारा नाही, पाऊस नाही, तरी नदीच्या तोंडावर पांढरा पट्टा फुटताना दिसतोय. बराच वेळ सगळं गप्प असतं, आणि मध्येच तीन-चार लाटा अशा येतात की पाणी शॅकच्या खांबांपर्यंत चढतं. वहिनीने व्हिडिओ पाठवलाय. शॅकवाल्याने खाटा कालच मागे ओढल्या.

या लाटा कुठून येताहेत? अजून किती दिवस चालतील? तीनचा दोन झाला म्हणजे धोका कमी झाला ना? कृपया कारणासकट सांगा. नुसतं "जाऊ नका" म्हटलं तर दादा माझंही ऐकणार नाही आणि तुमचंही नाही.

सुक्याची_किसमूर

जाऊ नका. (सॉरी, पण आधी हे लिहिणं भाग होतं. कारणं येतीलच मागून.)

खाडीकाठ

ताई, बावट्यापासून सुरू करतो, कारण खरी गफलत तिथेच होतेय. बंदरावरच्या बावट्यांचे नंबर म्हणजे धोक्याची शिडी असं लोक धरून चालतात, आणि वरच्या नंबरांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण दोन आणि तीनचं तसं नाही. तीन नंबर म्हणजे खुद्द बंदरात सोसाट्याचा वारा येऊ शकतो. दोन नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे, बंदराला आत्ता त्रास नाही, पण बंदर सोडून बाहेर पडणाऱ्याच्या वाटेत ते येऊ शकतं. म्हणजे तीनचा दोन झाला तेव्हा धोका संपलेला नाही, तो बंदरातून उचलून बाहेरच्या दर्यात ठेवलाय. दादा निघालाय तो नेमका बाहेरच. जेटीवर उभा राहणाऱ्याला ही बातमी चांगली, होडीवाल्याला नाही.

आता लाटा. वाऱ्याने लाट तयार होते हे खरं, पण एकदा तयार झाली की तिला वाऱ्याची गरज उरत नाही. वादळाखाली उठलेली लाट तिथून सुटते आणि शेकडो किलोमीटर आपली आपण येते. आपल्याकडे चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्यामुळे ते आपल्या वायव्येला असलं की त्याच्या दक्षिण अंगाचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे सरळ आपल्या किनाऱ्याच्या रोखाने वाहत असतो. वादळ तोंड ओमानकडे करून चाललंय, पण पाठीमागून लाटा आपल्याकडे सोडतंय. सगळ्यात मोठा मारा त्याच्या पुढच्या बाजूला होतो हे आपलं नशीब, पण उरलेला वाटा शापोऱ्याच्या तोंडाला पुरून उरतो.

वेगाचा हिशोब दादाला स्वतःला करता येईल. किनाऱ्यावर एका जागी उभं राहून दहा लाटांना किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजायचं आणि दहाने भागायचं. जे सेकंद येतील त्यांना पावणेतीनने गुणलं की खोल समुद्रात त्या लाटांचा ताफा तासाला साधारण किती किलोमीटर येतो ते कळतं. चौदा सेकंद असतील तर तासाला ३८-३९ किलोमीटर, दिवसाला ९०० च्या वर. म्हणजे आज मोरजीला फुटणारी लाट काल वादळापासून निघालेली असू शकते. वादळ आज विरलं तरी वाटेत असलेल्या लाटा यायच्या त्या येणारच.

मध्येच सगळं गप्प होतं म्हणालात ना, तेही याचंच लक्षण. लांबून आलेल्या लाटा घोळक्याने येतात. दोन घोळक्यांच्या मधल्या शांततेत लोक होडी घालतात आणि पुढचा घोळका बरोबर तोंडावर गाठतो.

वेंगुर्ल्याचा_वारा

वरचं पटलं, फक्त एक भर. लांब सेकंदांची लाट म्हणजे वादळाचीच, असं धरू नका. खाली दक्षिण महासागरातून येणारी लांब पल्ल्याची लाट आपल्या किनाऱ्यावर एरवीही थोडीफार असतेच. बारा-चौदा सेकंदांची पण बुटकी, कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे सेकंद आणि उंची दोन्ही बघा. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या सागरी अंदाजात लाटेची एकूण उंची वेगळी, लांबून आलेल्या लाटेची वेगळी आणि सेकंद वेगळे दिलेले असतात. गोव्याचा किनाराही त्यात आहे. हवामान खात्याचं वाऱ्या-पावसाचं पान बघून दर्या ओळखता येत नाही, त्यासाठी हे बघावं लागतं.

पुण्याहून_निघालोय

धाग्यात घुसल्याबद्दल माफी. आम्ही शनिवारी आश्वेला येतोय, लहान मुलं आहेत. ऊन असेल तर पोहायला हरकत नाही ना?

सुक्याची_किसमूर

दृष्टीच्या (गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमणारी संस्था) जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल तर गुडघाभर पाण्यातही मुलांना सोडू नका. ऊन बघू नका, बावटा बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्ये पाण्याची जी गुळगुळीत, शांत पट्टी दिसते तिथूनच पाणी आत ओढून नेतं, आणि पाहुणे नेमके तीच "सेफ" जागा निवडतात. कोणी सापडलाच तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्टीच्या बाहेर यायचं, ओढीविरुद्ध झुंजायचं नाही. आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ या.

ताई, दादाला ओखी आठवत असेल. डिसेंबर २०१७. वादळ आपल्यापासून कितीतरी लांबून गेलं, इथे म्हणावा तसा वारासुद्धा नव्हता, तरी पेडण्याच्या किनाऱ्यावर पाणी शॅकमध्ये शिरलं. ३ डिसेंबरला पौर्णिमा होती, उधाणाची भरती आणि लांबून आलेली लाट एकत्र आल्या. उलट २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते अगदी जवळून गेलं तेव्हा झाडं, विजेचे खांब, छपरं गेली. वारा म्हणजेच वादळ हे आपल्या डोक्यात तेव्हापासून जास्तच घट्ट बसलंय. पण २०१९ चं क्यार असंच ओमानकडे गेलं होतं, आणि तेही दिवाळीच्या अमावास्येच्या उधाणावर.

यंदाही परवा पौर्णिमा आहे. बघा काय ते.

मोरजीची_लेक

सगळ्यांचे आभार. दादाला बावट्याचं वाचून दाखवलं. गप्प झाला, म्हणजे पटलं असावं. पण आता म्हणतो, "बाहेर लाट लांबलचक असते, होडी वर जाते, खाली येते, त्यात काय बुडायचं?" हे त्याचं बरोबर आहे का?

खाडीकाठ

बाहेर खोल पाण्यात बरोबर आहे. लांब लाटेवर होडी आरामात डुलते. माणसं जिवानिशी जातात ती नदीच्या तोंडावर.

शापोऱ्याच्या तोंडाला वाळूचा दांडा आहे आणि पावसाळ्यानंतर तो नेमका कुठे सरकलाय हे पाण्यात उतरल्याशिवाय नीट कळत नाही. लांब लाट उथळ पाण्यात आली की वेग गमावते आणि उंची घेते. बाहेर जेमतेम मीटरभर वाटणारी लाट दांड्यावर उभी राहते आणि फुटते. तुम्ही पाहिलेला पांढरा पट्टा तोच. शिवाय ओहोटीला नदीचं पाणी बाहेर जोराने निघत असेल तर ते समोरून येणाऱ्या लाटेला अडवतं, लाट आखूड आणि उभी होते. वर तिलारीच्या बाजूला वादळाचा पाऊस पडून गेला असेल तर नदीला पाणीही जास्त असतं. होडी आडवी झाली की संपलं.

आता त्याच्या वेळेचा हिशोब करू. तिथीची पाऊणपट ही जुनी रीत त्याला माहीत असेलच. उद्या चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमाराला भरती पुरी, आणि त्याआधीची ओहोटी पहाटे सव्वाचारच्या आसपास. मुरगावच्या भरतीच्या तक्त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे निघेल, पण गणित बदलत नाही. दादा चारला निघाला तर दांड्यावर सगळ्यात कमी पाणी असताना, अंधारात, फुटणारी लाट न दिसता बाहेर पडणार. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, हे त्यात धराच. आणि दुपारी एक-दोनला परत येईल तेव्हा ओहोटीची ओढ ऐन जोरात, वर दुपारचा दर्यावरचा वारा. येताना लाट मागून उचलते, ते जाण्यापेक्षा वाईट. दोन्ही वेळा चुकीच्या निवडल्यात त्याने.

माझं मत विचाराल तर पौर्णिमा जाऊ द्या. तोपर्यंत रोज सकाळी लाट मोजा. सेकंद चौदावरून अकरा, मग आठ-नऊवर आले, उंचीही उतरली आणि घोळके विरळ झाले की वादळाची लाट संपत आली असं समजा. त्यातही मत्स्य खात्याची आणि हवामान खात्याची मच्छीमारांसाठीची सूचना उठलेली असली पाहिजे. सूचना उठली म्हणून दांडा सोपा होत नाही, पण ती उठायच्या आधी निघायचं कारणच नाही.

वेंगुर्ल्याचा_वारा

आणि निघेल त्या दिवशी उजेडात, भरती चढत असताना निघू दे. तोंडाच्या आत नदीत थांबून किमान पंधरा मिनिटं नुसतं बघायचं. एक मोठा घोळका पूर्ण फुटून जाऊ द्यायचा, मगच मशीनला जोर. मध्येच विचार बदलून दांड्यावर होडी वळवायची नाही.

बांगड्याचं म्हणाल तर वादळानंतर मासळी लागते हे मीही ऐकत आलोय, आणि काही वेळा लागलेलीही पाहिलीय. पण ती दोन दिवसांनी पळून जात नाही.

मोरजीची_लेक

दादाशी फोन झाला. उद्याचं रद्द. वहिनीने आज संध्याकाळी मोजलं तर दहा लाटांना दोन मिनिटं वीस सेकंद, म्हणजे बरोबर चौदा. त्याचं त्यालाच हसू आलं. तिथीचा हिशोब मात्र त्याला झोंबला, "हें म्हाका खबर आसा, तुका कोणें सांगलें?" म्हणाला.

एक शेवटचं. होडी आत बांधलेली आहे तिथेही रात्री धक्के बसताहेत म्हणे. नदीत इतक्या आत लाट येते का?

खाडीकाठ

फुटती लाट येत नाही, पण पाणी हळूहळू वर-खाली होतं आणि उधाणाला बांधलेले दोर ताणले जातात. भरती पुरी झाली तेव्हा दोर किती ताणलाय ते बघायला सांगा. आखूड असेल तर सैल करून लांब दोर द्या, पुढून आणि मागून दोन्हीकडे, आणि शेजारच्या होडीच्या मध्ये जुने टायर लावा. जमलं तर मशीन काढून घरी न्या.

तटरक्षक दलाचा नंबर १५५४, तो दादाच्या आणि वहिनीच्या दोघांच्याही मोबाईलमध्ये घालून ठेवा. होडीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६.