कव्हर लेटरमध्ये रिझ्युमेचीच री ओढली जातेय, काय बदलू?

लेजरवाला:
सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज करतोय. जाहिरातीत तीन गोष्टींवर भर आहे: मंथ-एंड क्लोजिंग (महिनाअखेरीस हिशेब बंद करणं), व्हेंडर रिकन्सिलिएशन (पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ) आणि एक्सेल. माझा अनुभव चार वर्षांचा, मध्ये आठ महिन्यांचा गॅप. पत्राची सुरुवात सध्या अशी:

"आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. मी मेहनती, प्रामाणिक असून टीममध्ये मिसळून काम करतो."

पुढे नोकऱ्यांची यादी. एकूण दीड पान. काय कापू? गॅपबद्दल लिहू की गप्प बसू?

खर्डेघाशी:
ती दोन्ही वाक्यं काढा. कंपनीचं नाव बदलून तीच वाक्यं कुठेही चालतात, म्हणून वाचणारा ती वाचतच नाही. 'मेहनती' हे पडताळता येत नाही. केलेलं काम येतं.

पहिल्याच वाक्यात पदाचं नाव घ्या आणि जाहिरातीतल्या सगळ्यात मोठ्या मागणीला हात घाला. मग मधला परिच्छेद. खरं पत्र तिथेच असतं. जाहिरातीतल्या दोन मागण्या निवडा, प्रत्येकीसमोर एक पुरावा: काय केलं, व्याप किती होता, फरक काय पडला. तुमच्या मसुद्यात बहुधा असं असेल:

"व्हेंडर रिकन्सिलिएशनची जबाबदारी सांभाळली."

त्याऐवजी:

"दरमहा सुमारे ३०० व्हेंडरांच्या खात्यांचा ताळमेळ लावतो. ९० दिवसांवरच्या न जुळलेल्या नोंदींसाठी एक्सेलमध्ये वेगळा एजिंग रिपोर्ट बसवला. त्यानंतर क्लोजिंग सातव्याऐवजी चौथ्या दिवशी होऊ लागलं."

यात तिन्ही मागण्या आल्या, आणि 'एक्सेलचं उत्तम ज्ञान' असं कुठेही लिहावं लागलं नाही. आकडे अर्थातच तुमचे टाका आणि खरेच टाका, मुलाखतीत त्यांवरच बोट ठेवलं जातं. नेमका आकडा हाताशी नसेल तर 'सुमारे' चालतं. आकडा गोपनीय असेल तर रकमेऐवजी खात्यांची संख्या किंवा लागलेले दिवस द्या.

शेवटचा परिच्छेद दोन-तीन वाक्यांचा: हीच कंपनी का, आणि रुजू कधी होऊ शकाल. 'हीच का' याचं उत्तर त्यांच्या कामातून यावं. नव्या शाखा निघत असतील तर व्हेंडर वाढणार, हे तुमच्या कामाशी थेट जुळतं. कौतुक नको. सगळं मिळून २५० ते ३५० शब्द, एका पानाच्या आत.

मोजकंच:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त दोनच पुराव्यांवर अडू नका. जाहिरातीत तीन गोष्टी ठळक असतील आणि तिसरी पहिल्या दोन्हींत आपसूक येत नसेल, तर तिच्यासाठी एक ओळ द्या. एखादी मागणी मुळातच पूर्ण होत नसेल तर 'मला अमुक येत नाही, तरीही…' अशी ओळ मात्र घालू नका. त्याच्या जवळचं जे येतं ते लिहा आणि पुढे जा.

गॅपचं असं आहे: त्यानंतर पुन्हा नोकरी केली असेल तर पत्रात उल्लेखच नको, रिझ्युमेतल्या तारखा पुरेशा आहेत. गॅप अजून चालू असेल तर शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य: कारण दोन-तीन शब्दांत, आणि आता पूर्णवेळ उपलब्ध आहे. दिलगिरी नको, आजारपणाचे तपशील नकोत. जुन्या साहेबांविषयी तर चकार शब्द नको. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तरच लिहा.

पीडीएफ:
मजकुरावर वर आलंच आहे, पाठवण्याबद्दल थोडं. ऑनलाइन फॉर्ममधल्या चौकटीत पेस्ट करताना ठळक अक्षरं आणि बुलेट बहुतेकदा उडतात, म्हणून साधा मजकूर आणि परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी. ईमेलला जोडणार असाल तर मेलमध्ये तीन-चार ओळी पुरे, तेच पत्र पुन्हा चिकटवू नका. विषयात पदाचं नाव आणि जाहिरातीचा संदर्भ क्रमांक. फाईल पीडीएफच द्या. वर्डची फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की फाँट बदलून शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर जाऊ शकतात. स्कॅन केलेलं चित्र देऊ नका, त्यातला मजकूर अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईलच असं नाही.

आणखी एक, सहसा सुटणारं. जुन्या पत्रावर नवं रचलं की फाईलच्या प्रॉपर्टीजमधलं टायटल जुनंच राहू शकतं. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडल्यावर टॅबवर तेच झळकतं, म्हणजे पत्रात या कंपनीचं नाव आणि वर टॅबवर दुसरीचं!

लेजरवाला:
आभार. गॅपनंतर नोकरी केली आहे, म्हणजे तो विषय मिटला. जाहिरातीत कुणाचंच नाव नाही, मग मायना 'आदरणीय सर' ठेवू?

खर्डेघाशी:
नको, वाचणारी बाई असू शकते. कंपनीच्या साइटवर अकाउंट्स विभागाच्या प्रमुखांचं नाव आहे का बघा. नसेल तर 'भरती विभागास' किंवा 'महोदय/महोदया'. नाव मिळालं तर स्पेलिंग दोनदा तपासा.