शब्दचर्चा : ‘लोकसेवेची प्रेरणा’ की ‘तळमळ’?

प्रश्न : लोकप्रशासनावरच्या एका टिपणाचं मराठी करतोय. जेम्स पेरी आणि लोइस वाइज या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० साली ‘पब्लिक सर्व्हिस मोटिव्हेशन’ ही कल्पना मांडली. पगार-बढतीपलीकडचं असं काय माणसाला लोकांच्या कामाकडे खेचतं, ते. मी ‘लोकसेवा-प्रेरणा’ लिहिलं, पण ती स्पर्धा परीक्षेच्या क्लासची पाटी वाटते. दुसरं काही?

उत्तर : वाटणारच. ‘लोकसेवा’ म्हटलं की आपल्याला आयोगच आठवतो. शिवाय प्रेरणा आपण कुणाकडून तरी ‘घेतो’. तळमळ कुणी देत नाही, ती आतून लागते. मी ‘लोकसेवेची तळमळ’ म्हणेन.

पेरींनी पुढे १९९६ मध्ये तिचे चार घटक सांगितले : धोरणं ठरवण्याची ओढ, लोकहिताशी बांधिलकी, कळवळा आणि चौथा, ज्याचं भाषांतर लोक ‘आत्मत्याग’ करतात. आत्मत्याग म्हणजे थेट हुतात्मा चौकच! तिथे ‘पदरमोड’ बघा. आमच्या झेडपीच्या शाळेतल्या बाई पहिलीच्या पोरांसाठी पाटीवरच्या पेन्सिली पदरच्या पैशाने आणायच्या. डबा टेबलाच्या खणात. ज्याची संपली त्याने मुकाट्याने हात घालायचा.

दुसरं उत्तर : पदरमोड झकास, पण तळमळ नको हो. माझी आई अंगणवाडी सेविका. ‘सेविका’ म्हणून तिला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. वजनं घ्या, आहाराची रजिस्टरं भरा, लसीकरणाला पोरं गोळा करा, वर कुठलाही सर्व्हे निघाला की “ताई, तुम्हाला तळमळ आहे म्हणून सांगतो”. तळमळ हा शब्द आमच्या घरी असाच येतो, जास्तीचं काम घेऊन. ते मानधनही ग्रॅच्युइटीपुरतं वेतनच, हे ठरायला सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा निकाल यावा लागला. उलट २०२४ मध्ये ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाला. ‘सेवक’ जाऊन ‘अधिकारी’ आला, यात नोकरीतल्या माणसाला काय हवंसं वाटतं तेही दिसतंच की. आई म्हणते, सेवा देवाची, ड्युटी सरकारची.

प्रश्नकर्ता : पटलं. ‘लोकांच्या कामाची ओढ’ घेतो. आत्मत्याग कापून ‘पदरमोड’ केलं.

दुसरे उत्तरदार : ओढ चालेल. आणि पदरमोडीला उदाहरण हवं असेल तर अंगणवाडीच्या मोबाइलचं रिचार्ज लिहा. आईचं मागच्या तिमाहीचं अजून यायचंय.