मेजर रंगाला पाठिंबा देताना बर्गनच्या बोली ठेवाव्यात की सोडाव्यात?

पाचवा एक्का (रत्नागिरी)

पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी ब्रिजची चार टेबले लागतात, पण कोणी लावणीत अडकलेला असतो तर कोणी मुंबईला मुलाकडे गेलेला असतो, त्यामुळे भिडू दर आठवड्याला बदलतो. अशा मंडळींसाठी एक समान बोलीपद्धत लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि तीतून अमेरिकन खेळाडू मार्टी बर्गन यांच्या बोली वगळाव्यात, असे माझे मत झाले आहे.

भिडूने १ बदाम किंवा १ इस्पिक (हेच दोन मेजर रंग) बोलून किमान पाच पाने दाखवली की, बर्गनच्या पद्धतीत चार हुकूम हाती असलेला खेळाडू ३ किलवर बोलून साधारण ७ ते ९ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) दाखवतो, ३ चौकट बोलून १० ते १२, आणि भिडूच्याच रंगात थेट तिसऱ्या पायरीवर (म्हणजे नऊ हातांच्या बोलीवर) गेला तर ० ते ६ गुणांचा निव्वळ अडथळा. गेल्या आठवड्यात माझ्याकडे इस्पिक एक्का-राजा-दश्शी-सत्ती-दुर्री, बदाम सत्ती-छक्की-तिर्री, चौकट एक्का-पंजी, किलवर राजा-अठ्ठी-चौकी अशी पाने होती. समोर इस्पिक राणी-नव्वी-छक्की-तिर्री, बदाम गुलाम-अठ्ठी-पंजी, चौकट राजा-सत्ती-चौकी, किलवर राणी-दश्शी-दुर्री. भिडू नियमानुसार ३ किलवर बोलला, मी ३ इस्पिकवर थांबलो. बदामाचे तीन आणि किलवरचे दोन हात गेले. आम्ही व्हल्नरेबल (हात कमी पडल्यास जास्त दंड बसणारी बाजू) होतो, म्हणून उणे १००. शेजारच्या टेबलावर २ इस्पिकवर थांबलेल्यांना त्याच पत्त्यांवर अधिक ११० मिळाले.

माझा प्रस्ताव साधा आहे. चार हुकूम आणि १० ते १२ गुण असल्यास थेट ३ इस्पिक. डाव (म्हणजे ४ इस्पिकचा करार) गाठण्याइतके बळ असल्यास जेकबीचे २ बिनहुकमी, ही सांकेतिक बोली. एखाद्या रंगात एकेरी पान असल्यास ते सांगणारी उडीची बोली, म्हणजे स्प्लिंटर. ३ किलवर आणि ३ चौकट या बोली त्याच रंगाच्या सहा पानांसाठी मोकळ्या ठेवाव्यात.

किलवरची दुर्री (मालवण)

आपण दोष चुकीच्या ठिकाणी शोधत आहात. समोरच्या पत्त्यांची रंगवार विभागणी ४-३-३-३ होती. कोणत्याच रंगात तुटवडा नसेल तर चौथ्या हुकमाला काम उरत नाही. असे पत्ते तीन हुकमांचे समजून २ इस्पिक बोलावे, हे बर्गन खेळणाऱ्या अनेकांना ठाऊक असते.

आता त्याच पत्त्यांत थोडा बदल करून पाहा. बदामाची एकच अठ्ठी, चौकटची चार पाने, किलवरची चार पाने, गुण सातच. आता बदामाचा एकच हात जातो, उरलेले दोन बदाम हुकमाने मारता येतात आणि किलवरचा गुलाम चुकीच्या हाती असला तरी दहा हात होतात. शिवाय प्रतिस्पर्ध्यांकडे नऊ बदाम आहेत. आपण २ इस्पिकवर रेंगाळलात तर ते ३ बदाम बोलल्यावाचून राहणार नाहीत. फ्रेंच लेखक झाँ-रने व्हर्न यांनी १९६०च्या दशकात मांडलेला एकूण हातांचा नियम हेच सांगतो, की दोन्ही बाजूंच्या हुकमांची बेरीज आणि दोन्ही बाजूंना मिळू शकणाऱ्या हातांची बेरीज साधारण सारखीच असते. आपले नऊ हुकूम असतील तर तिसरी पायरी लवकर गाठावी, ती त्यांना गाठू देऊ नये.

आपल्या प्रस्तावात ५ गुण आणि चार हुकूम असलेल्या खेळाडूने काय बोलायचे, याचे उत्तरही नाही.

पाचवा एक्का (रत्नागिरी)

त्याने २ इस्पिक बोलावे किंवा पास करावे. तिथे मी अडथळ्याची संधी गमावतो, हे मान्य आहे. परंतु आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. एका पत्त्यांवर आठ हात होतात, दुसऱ्यांवर दहा, आणि दोन्हींवर बोली ३ किलवर. ४-३-३-३ चा अपवाद मी लिहून ठेवीन, पण ४-४-३-२ आणि ४-४-४-१ यांतला फरक माझ्या भिडूला तरीही कळणार नाही. हुकमांची संख्या पहिल्या फटक्यात सांगायची आणि आकार झाकून ठेवायचा, हा सौदा मला महाग वाटतो. मधल्या काळात बोलणाऱ्याच्या डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याला ३ किलवरवर डबल देऊन आपल्या भिडूला उतारी (पहिले पान) सुचवण्याची आयती सोय होते ती वेगळीच.

उलटी उतारी (अलिबाग)

दोघेही ३ किलवरवर अडकला आहात. माझ्या मते दुरुस्तीची खरी गरज जेकबीच्या २ बिनहुकमीला आहे. मूळ पद्धतीत बोली उघडणाऱ्याचे पत्ते कमीत कमी गुणांचे असले तरी तो तिसऱ्या पायरीवर एकेरी पान सांगतो, मग करार ४ इस्पिकवरच थांबतो आणि विरोधकाला उतारी कुठली टाळायची ते फुकटात कळते. त्याऐवजी ३ किलवरचा अर्थ ‘कमी गुण, आकार काहीही’ असा ठेवावा. भिडूला स्लॅमची (बारा किंवा तेरा हातांच्या कराराची) आशा असेल तर तो ३ चौकट बोलून पुढे विचारील, नसेल तर थेट ४ इस्पिक बोलेल. लक्षात ठेवायला एकच बोली वाढते.

दमलेला डमी (चिपळूण)

एकच वाढते, असे प्रत्येक वेळी म्हटले जाते. सोमवारच्या टेबलावर माझ्या मेजर रंगाच्या बोलीवर भिडूच्या उजवीकडच्याने डबल दिले आणि माझा भिडू २ बिनहुकमी बोलला. त्याच्या मते ते जेकबी होते. माझ्या मते ती किमान १० गुण आणि चार हुकूम दाखवणारी, पण डावाची सक्ती न करणारी बोली होती. प्रतिस्पर्ध्यांनी अर्थ विचारला तेव्हा मी माझा अर्थ सांगितला, भिडूचा चेहरा पडला, आणि तो चेहरा पाहूनही न पाहिल्यासारखे करून मला पुढची बोली करावी लागली. समान पद्धत लिहिणाराने आधी एवढे लिहावे, की डबलनंतर बर्गन चालू राहते की बंद होते, आणि २ बिनहुकमीचा अर्थ काय.

पाचवा एक्का (रत्नागिरी)

डबलनंतर २ बिनहुकमी म्हणजे १० किंवा अधिक गुण आणि चार हुकूम, तिसऱ्या पायरीची उडी म्हणजे अडथळा, बर्गन बंद. एवढे आज लिहून टाकतो. उरलेल्यावर मालवणकरांशी माझे भांडण चालूच आहे.