मदत हवी आहे: मेमरी कार्डवरचे अभंग अर्धवट वाजून बंद पडतात

नमस्कार मंडळी. आईच्या अँड्रॉइड फोनमध्ये ६४ जीबीचं नवीन मेमरी कार्ड टाकलं आणि तिचे सगळे अभंग लॅपटॉपवरून कॉपी करून दिले. सुरुवातीला भरलेले फोल्डर छान वाजतात. नंतर भरलेल्या फाइल्स मात्र थोडा वेळ वाजतात, मग खरखर होते आणि प्लेअर आपोआप पुढच्या गाण्यावर जातो. नवल म्हणजे साइज बरोबर दिसतो, ५ एमबीची फाइल ५ एमबीच.

फोन रीस्टार्ट केला, कार्ड काढून पुसून परत बसवलं, दुसरा प्लेअरही टाकून पाहिला. फोल्डरमध्ये 'नोमीडिया' फाइल नाही; ती असती तर गाणी प्लेअरच्या यादीतच आली नसती. त्याच फाइल्स फोनच्या मेमरीत टाकल्या की सुरळीत वाजतात.

त्यामुळे मला कार्डाचाच संशय येतोय. कमी क्षमतेच्या कार्डावर मोठा आकडा छापून विकतात, खरी जागा संपली की पुढच्या फाइल्स नुसत्या नावाला दिसतात, तसलाच प्रकार वाटतो. कार्डाची खरी क्षमता तपासणाऱ्या 'एचटूटेस्टडब्ल्यू' या प्रोग्रामने तपासायचं तर कार्ड पूर्ण रिकामं करावं लागेल ना? आणि कार्ड चांगलं निघालं तर फॉरमॅट एक्सफॅट ठेवू की फॅट३२?

त्याआधी एक मोठी काळजी आहे. गावच्या सप्ताहातली कीर्तनं आईने रेकॉर्ड करून थेट या कार्डावरच ठेवली आहेत, दुसरी प्रत कुठेच नाही. ती सुखरूप काढायला कार्ड फोनमध्येच ठेवून केबल लावू की कार्ड रीडर वापरू? जाणकारांनी कृपया लवकर सांगा, तोवर कार्डावर नवीन काही भरत नाही.