डाव्या घोट्याचं लिगामेंट, १९ वा दिवस: धावायला कधी घ्यायचं?

बर्डीवाला
लहान भाऊ, वय २१, पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. मैदानातल्या खड्ड्यात डावा पाय आतल्या बाजूला मुरगळला. एक्स-रेत हाड ठीक आहे. डॉक्टरांनी बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा), ग्रेड २ म्हणजे अर्धवट फाटलेलं सांगितलं. १० दिवस प्लास्टरचा स्लॅब होता, तो निघाला. सकाळी सूज नसते, संध्याकाळी थोडी येते. सपाट जागी नीट चालतो, पण जिना उतरताना पाय तिरपा टाकतो. मैदानी चाचणी साधारण ७ आठवड्यांवर आहे. व्यायाम कोणते द्यायचे, धावणं कधी, आणि गिअरची गाडी चालवू द्यावी का? घरचे म्हणतात नस चढली आहे, मालिशवाल्याकडे न्या.

धंतोलीचा फिजिओ
मालिशवाल्याचं आधी. नस वगैरे काही चढलेली नाही. घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून पुढे जाणारा पट्टा अर्धवट फाटला आहे आणि तो आता कुठे भरतोय. त्याला झटका दिला तर भरलेलं पुन्हा उसवतं. पोटरीवर हलका हात फिरवा, हरकत नाही.

जिना उतरताना घोटा पुढे वाकावा लागतो. स्लॅबमध्ये तो आखडला, म्हणून पाय तिरपा पडतो. हे मोजता येतं. भिंतीसमोर अनवाणी उभं राहायचं, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा भिंतीला टेकवायचा. अंगठा हळूहळू मागे घेत जायचं आणि टाच न उचलता गुडघा टेकतो तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. दोन्ही पायांत १ ते १.५ सेंमीहून जास्त फरक नको. हीच स्थिती धरून ३० सेकंद ताण द्यायचा, ३ वेळा, दिवसातून दोनदा. शिवाय गुडघा सरळ ठेवून पोटरीचा वेगळा ताण.

ताकदीसाठी टाचा उचलणं: दोन्ही पायांवर १५ चे ३ सेट. ते सोपं झालं की दोन्ही पायांवर वर जायचं, एकट्या डाव्यावर खाली यायचं, ३ सेकंद मोजत. मग पूर्ण एका पायावर. दुसरा व्यायाम रबर बँडचा: बँड पलंगाच्या पायाला बांधून पंजा बाहेरच्या बाजूला ओढायचा आणि सावकाश परत आणायचा, १५ चे ३ सेट. बँड नसेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून घ्या. यात हमखास होणारी चूक म्हणजे पंजाऐवजी अख्खा पाय मांडीपासून वळतो आणि घोट्याला काहीच काम होत नाही. मांडीवर हात ठेवून करायला लावा.

दुखण्याचा हिशेब असा: व्यायाम करताना १० पैकी ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं दिसलं तर आदल्या दिवशीचं निम्मं करा.

रविनगर ग्राउंड
फिजिओंनी ताकदीचं सांगितलं. पोरं सोडून देतात ती गोष्ट म्हणजे तोल. लिगामेंट नुसती दोरी नाही. पाय कुठे आणि किती वाकडा आहे याची खबर मेंदूला देणारे मज्जातंतू त्यात असतात, पट्टा फाटला की ती खबर उशिरा पोचते. सूज गेल्यावरही तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो, त्याचं एक मोठं कारण हे.

डाव्या पायावर अनवाणी ३० सेकंद, डोळे उघडे. जमलं की मान डावी-उजवीकडे फिरवत. मग डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर. शेवटी गोधडीवर उभं राहून भिंतीवर चेंडू मारून झेलायचा. भिंत हाताशी ठेवा. सकाळी दात घासताना झालं तरी चालतं, फक्त रोज व्हायला पाहिजे. यात दुखत नाही, घाम निघत नाही, म्हणून पोरांना हा व्यायामच वाटत नाही.

धावण्याला माझ्या मते पाचव्या आठवड्यात सुरुवात करता येईल. १ मिनिट हळू धावणं, २ मिनिटं चालणं, असं ६ वेळा, एक दिवस आड. सपाट मातीच्या मैदानावर. सिमेंट रोडच्या कडेने अजिबात नको. सिमेंट आणि पेव्हरची पातळी कुठे बदलेल नेम नाही, आणि पहाटे अंधारात ते दिसत नाही.

धंतोलीचा फिजिओ
पाचवा आठवडा वगैरे नका सांगू, भाऊ. आठवडा पाहून मैदानात सोडलेला पाय पुन्हा दुखावून आमच्याकडे परत येतो. अटी पाहा: ३० मिनिटं भरभर चालून लंगडणं नाही, एका पायावर टाचा उचलणं उजव्याच्या जवळपास, आणि डाव्या पायावर जागच्या जागी १० उड्या न दुखता. तिन्ही जमलं तर चौथ्या आठवड्यातही धावा, नाही तर सातव्यातही नको.

रविनगर ग्राउंड
मान्य. भरतीच्या हिशेबाने एक सांगतो. १६०० मीटर सरळ, एका लयीत धावणं आहे, ते आधी जमेल. १०० मीटरला पंजावर जोर पडतो. गोळाफेकीत उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावाच पाय ब्रेक लावतो. या दोन्हींचा सराव शेवटी घ्या.

खामला ऑर्थो
क्रेप बँडेजबद्दल कोणी बोललं नाही. ते सूज दाबतं, घोटा धरत नाही, धावताना थोड्याच वेळात सैल होतं. बांधायचं ते बोटांकडून वर, रात्री काढून ठेवायचं. धावताना लेसवाला घोट्याचा ब्रेस (नाडीने आवळायचा आधार) घ्या, खाली सुती मोजा, नाहीतर आपल्या उन्हात घामाने सालटं निघतात. मैदानावर तो सहा महिने ते वर्षभर. त्याने पाय कमजोर होत नाही, व्यायाम सोडला तर होतो.

गाडीचं म्हणाल तर गिअर वर उचलण्यापेक्षा सिग्नलला थांबणं जास्त धोक्याचं. उजवा पाय ब्रेकवर असतो, गाडीचा सगळा भार डाव्यावर येतो, तोही उतरत्या रस्त्यावर. डाव्या पायावर ३० सेकंद न डगमगता उभं राहता येईपर्यंत नको. स्कूटी असली तरी हेच.

पुन्हा दाखवायला कधी न्यायचं तेही लिहून ठेवा. दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमधे असेल आणि पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबली की तिथेच कळ येत असेल, तर दुखापत वेगळी आहे, तिला वेळ जास्त लागतो. सहा आठवड्यांनंतरही सांध्यात आत खोल दुखत असेल किंवा सांधा अडकत असेल, तर एमआरआय. पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली तर त्याच दिवशी जा, स्लॅबनंतर रक्ताची गुठळी होऊ शकते. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची ओपीडी आहेच.

बर्डीवाला
आत्ताच मोजलं. भिंतीचं अंतर डावा ६, उजवा ११ सेंमी. एका पायावर टाच उचलणं डाव्याने ४, उजव्याने २३. डोळे मिटून ७ सेकंद.

धंतोलीचा फिजिओ
म्हणजे आत्ता धावणं नाहीच. ४ वर असलेल्याला एका पायाचे सेट देऊ नका. दोन्ही पायांवर वर, डाव्यावर खाली, एवढंच. दम टिकवायला सायकल चालवू द्या, सीट थोडी उंच ठेवून. उतरताना उजवा पाय आधी टेकवायचा. १० दिवसांनी हेच तीन आकडे परत टाका, वेळही सकाळचीच ठेवा, संध्याकाळच्या सुजेने अंतर कमी भरतं.